पोवाड्यात नसलेली गोष्ट

कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात लेखिका शेवट सांगून मोकळी होते. हा मुलगा पुढे ड्रॅगनांशी बोलणारा, साऱ्या बेटांवर ज्याची आण चालेल असा जादूगार होणार आहे. त्याच्या पराक्रमाचे पोवाडे बेटाबेटांवर गायले जाणार आहेत. आपल्यापुढची गोष्ट मात्र ते पोवाडे रचले जाण्याआधीची आहे. साहसकथेत पहिल्या पानावरच 'हा वाचणार आहे' असं सांगून टाकणं म्हणजे आपल्या हातानं उत्कंठेचा जीव घेणं, असं कुणालाही वाटेल. कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला मात्र त्यात काही वावगं वाटणार नाही. रुक्मिणीचं लग्न शेवटी कुणाशी लागतं हे मंडपातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी माणसं मांडी मोडून बसतात. काय होणार ही धाकधूक संपली, की ते कसं झालं याकडे कान लागतात.

उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ साली अमेरिकेत बर्कलीच्या पार्नासस प्रेसनं काढली. ले ग्विनबाईंचा जन्मही बर्कलीचाच, १९२९ चा. वडील आल्फ्रेड क्रोबर मोठे मानववंशशास्त्रज्ञ, आई थिओडोरा लेखिका. 'थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा,' असं प्रकाशकानं म्हटलं आणि बाईंच्या मनात एक साधा प्रश्न आला. गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात? ते पंधरा वर्षांचे असताना काय करत होते? शहाणपण त्यांना कुणी दिलं, आणि ते मिळेपर्यंत त्यांनी काय काय घोळ घातले? त्यांनी आधी शेकडो बेटांचा एक नकाशा काढला आणि त्यातल्या एका डोंगराळ बेटावर, गाँटवर, शेळ्या राखणारा एक आईवेगळा मुलगा उभा केला.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी आठवी-नववीच्या सात-आठ मुलांना मी ही कादंबरी वाचून दाखवली. वाचून म्हणजे, पुस्तक हातात धरून मराठीत सांगत. 'वाचनानं मुलं खंबीर होतात' असं व्याख्यानांत ऐकलं की मला कॉड लिव्हर ऑइलची बाटली आठवते. पुस्तक असं चमच्यानं पाजता येत नाही. पण या मुलांसोबत वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. या कादंबरीत जे बळ आहे ते उपदेशात नाही, रचनेत आहे. ती कशी बांधली आहे हे पाहिलं, तर ती वाचणाऱ्याला काय देते तेही कळतं.

सुरुवात शेळ्यांपासून होते. या मुलाचं लहानपणीचं नाव डनी. आई तो वर्षाचा व्हायच्या आत गेलेली, बाप धातूकाम करणारा, अबोल आणि कडक. गावात चेटूक जाणणारी एक मावशी आहे. छपरावर चढून बसलेल्या शेळीला ती काही शब्द ओरडून खाली उतरवते, हे सात वर्षांचा डनी ऐकतो. दुसऱ्या दिवशी कुरणात तो तेच शब्द आपल्या शेळ्यांवर ओरडतो. शेळ्या येतात. सगळ्या येतात, मुकाट्यानं येतात, आणि पिवळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत त्याला खेटून उभ्या राहतात. त्याला आधी हसू येतं, मग भीती वाटते. तो पळतो, तर त्याही पळतात. दोरानं आवळून बांधल्यासारखा तो घोळका त्याला मध्ये घेऊन गावात शिरतो. शेवटी मावशी येऊन ती बाधा उतरवते.

मुलं या प्रसंगाला पोट धरून हसली. मीही पहिल्या वाचनात हसलो होतो. पण लेखिकेनं साऱ्या कादंबरीचं बी इथं पेरून ठेवलंय. ज्याला तू हाक मारशील ते येईल, आणि परत कसं धाडायचं ते ठाऊक नसेल तर तुझ्या अंगाला चिकटून राहील. पुढे आठ वर्षांनी हाच मुलगा आणखी एक हाक मारतो. तेव्हा जे येतं त्याला घालवायला मावशी पुरी पडत नाही. आधी विनोद म्हणून दाखवलेली आकृती नंतर शोकांतिका म्हणून परत येते. वाचणाऱ्या मुलाला ती ओळखीची वाटते, आणि ओळखीचं संकट अनोळखी संकटापेक्षा निम्मंच भारी असतं.

या जगात जादू म्हणजे नावं. प्रत्येक वस्तूला एक व्यवहारातलं नाव आणि एक खरं नाव; खरं नाव ज्याला कळलं त्याची त्या वस्तूवर सत्ता. माणसंही आपलं खरं नाव जिवाभावाच्या एखाद्यालाच सांगतात. इंग्रजी वाचकाला ही कल्पना अद्भुत वाटत असेल. आम्हाला ती समजावून सांगावी लागली नाही. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. कित्येक घरांत पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं. खेड्यात रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. नाव घेतलं तर येईल म्हणून. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात गुंडाळून घ्यायचं. नाव ही नुसती खूण नाही, ती दोरी आहे आणि दोन्हीकडून ओढली जाते, हे आमच्या मुलांना घरातूनच माहीत होतं. गाँटवर ओगिअन नावाचा शांत वृत्तीचा जादूगार तेरा वर्षांच्या डनीला थंडगार झऱ्यातून पलीकडे चालत यायला लावतो आणि त्याचं खरं नाव त्याच्या कानात सांगतो: गेड. तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे मुंज आणि बारसं एकदम!"

ओगिअन गेडला शिष्य म्हणून घेऊन जातो आणि त्याला काहीच शिकवत नाही. निदान गेडला तसं वाटतं. पाऊस आला तर मंत्रानं ढग हाकलायचे सोडून हा गुरू झाडाखाली पडून भिजतो. वाटेतल्या एका रानवनस्पतीकडे बोट दाखवून तिचं नाव सांगतो. ती कशाच्या उपयोगाची, असं गेड विचारतो, तर आपल्याला ठाऊक असलेला तिचा काहीच उपयोग नाही, असं उत्तर येतं. तिला सगळ्या ऋतूंत, मुळापासून बीपर्यंत ओळखलंस तर तिचं खरं नाव कळेल. ते उपयोगाहून मोठं. क्लासच्या नोट्समध्ये 'महत्त्वाचं' म्हणून चौकट आखून दिलेलंच वाचायची सवय लागलेल्या मुलांना हा गुरू बिनकामाचा वाटला. तो तसा वाटावा हीच लेखिकेची इच्छा आहे. आपणही गेडसारखेच अधीर होतो, पाऊस थांबवणारा मंत्र आपल्यालाही हवा असतो. पुढे सगळं कोसळल्यावर गेड ज्याच्या दारात येऊन पडतो तो हाच भिजणारा म्हातारा, हे तेव्हा आपल्याला कुठं माहीत असतं?

गेड कंटाळतो आणि रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात जायचं ठरवतो. ज्या जहाजातून तो निघतो त्याचं नाव 'सावली'. लेखिका त्यावर टिप्पणी करत नाही. जहाजाचं नाव सांगते आणि पुढे जाते. विद्यालयात हस्तकौशल्याचे आचार्य एका खड्याचा हिरा करून दाखवतात. तो नुसता भास. खरोखरचा हिरा करायचा तर खड्याचं नाव बदलायला हवं, आणि एक खडा बदलणं म्हणजे सारं जग तितकं बदलणं. त्यातून काय भलंबुरं निघेल हे कळल्याशिवाय एक खडाही बदलू नये. गेड हे ऐकतो आणि मनातल्या मनात धुसफुसतो. एवढी शक्ती असून वापरायची नाही, तर ती कशाला?

तिथंच जॅस्पर नावाचा मोठ्या घरातला मुलगा आहे. तो गेडला कधी शिवी देत नाही, हात उगारत नाही. तो अतिशय नम्रपणे बोलतो, आणि त्या नम्रतेत गेडला आपण शेळ्या राखणारे असल्याचं ऐकू येतं. ते खरंच तिथं आहे की गेडच ऐकतोय, हे लेखिका बराच काळ पक्कं सांगत नाही. वर्गातल्या छळाच्या गोष्टी पुष्कळ असतात, पण कौतुकाच्या सुरात केलेला अपमान आणि तो ऐकणाऱ्याच्या मनात रात्री कसा वाढत जातो, याचं इतकं बारीक चित्र मी क्वचित पाहिलंय. शेवटी एका उन्हाळी रात्री, पंधरा वर्षांचा गेड पैजेच्या भरात टेकडीवर उभा राहून हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका सुंदरीच्या आत्म्याला बोलावतो. ती क्षणभर दिसते. मग अंधाराला चीर पडते आणि तीतून काळोखाच्या गोळ्यासारखं काहीतरी बाहेर येतं. लहान मुलाएवढं, पंजे असलेलं, चेहरा नसलेलं. ते गेडवर झेपावतं आणि त्याचा गाल फाडतं. ती चीर बुजवताना विद्यालयाच्या वृद्ध कुलगुरूंची सगळी शक्ती खर्ची पडते आणि ते प्राण सोडतात.

इथं एका मुलानं विचारलं, "मग जॅस्परला काय शिक्षा झाली?" मी पुढचं पान उलटून दाखवलं. जॅस्पर विद्यालय सोडून गेला, जादूगाराची काठी, म्हणजे दंड, त्याला कधीच मिळाला नाही, हे पुढे कुणीतरी बोलता बोलता सांगतं. संपलं. त्याचं पुढं काय झालं यात लेखिकेला रस नाही. मुलं नाराज झाली. खलनायकाला चोप मिळाला नाही तर गोष्ट अपुरी वाटते. पण गेडच्या गालावरचे व्रण जॅस्परला शिक्षा झाल्यानं भरून येणार नव्हते. दोष कुणाचा हा प्रश्न सोडून ही कादंबरी वेगळाच प्रश्न विचारते: जे झालं ते झालं, आता हे कोण निस्तरणार?

माझ्या दृष्टीनं कादंबरीचं काळीज या दुर्घटनेनंतरच्या पानांत आहे. एखादा साधा साहसकथालेखक इथून सरळ सूडाकडे किंवा लढाईकडे वळला असता. ले ग्विनबाई गेडला अंथरुणावर निजवतात. दिवस जातात, महिने जातात. तो उठतो तेव्हा शब्द अडखळत येतात, पूर्वी चुटकीसरशी जमणारे मंत्र जड जातात. बरोबरीची मुलं पुढे गेलेली असतात आणि त्याला आपल्याहून लहान मुलांत बसून शिकावं लागतं. वाचून होताच आमच्यातली एक एरवी गप्प असणारी मुलगी म्हणाली, "वर्ष वाया गेलं की असंच होतं." तिचं एक वर्ष काविळीत गेलं होतं, हे मला नंतर कळलं. तिनं ते पान परत वाचायला सांगितलं. त्या पानावर धीर देणारं एकही वाक्य नाही. तिला आपली अवस्था कुणीतरी नेमकी लिहिलेली सापडली होती, बस्स.

आणि मग व्हेच येतो. बुद्धीनं गेडच्या खालचा, मनानं मोठा असा हा मित्र दंड मिळवून आपल्या बेटावर परत निघाला आहे. गेडला आता स्वतःचा भरवसा राहिलेला नाही. निरोप घेताना व्हेच आपलं खरं नाव त्याला सांगून टाकतो: एस्टारिऑल. या जगात हे काय आहे ते आपल्याला आतापर्यंत पुरतं माहीत झालेलं असतं. ज्याच्या हातून नुकताच एवढा अनर्थ घडला, त्याच्याच हाती हा मित्र आपला जीव ठेवतो. गेडही त्याला आपलं नाव सांगतो. दोन मुलांनी एकमेकांना सांगितलेले दोन शब्द, एवढाच हा प्रसंग. ना मिठी, ना भाषण. नावांच्या नियमांची एवढी बांधणी लेखिकेनं कशासाठी केली हे इथं उमगतं. 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' हे वाक्य वास्तववादी कथेत गुळगुळीत वाटलं असतं. अर्थसीत त्याला वजन आहे, कारण ते बोलण्याची किंमत ठरलेली आहे. पडलेल्या माणसाला उभं करायला सल्ला पुरत नाही. कुणीतरी आपलं काहीतरी मोलाचं त्याच्याकडे ठेवायला द्यावं लागतं.

यानंतर गेडचं अंधारातून आलेल्या त्या सावलीपासून पळणं सुरू होतं. अठराव्या वर्षी दंड मिळवून तो एका लहानशा बेटावर जातो. तिथं पेचव्हॅरी नावाचा होड्या बांधणारा त्याला होडी हाकायला शिकवतो. पेचव्हॅरीचं मूल आजारी पडतं, मरायला टेकतं. जाणाऱ्या जिवाला जाऊ द्यावं, ही रोकची शिकवण. गेड मायेपोटी ती मोडतो आणि मुलाच्या मागोमाग मृत्यूच्या उतारावर फार खोल जातो. मूल हाती लागत नाही. परतताना सीमेवरच्या भिंतीपाशी ती सावली वाट बघत उभी असते. म्हणजे पहिली चूक गर्वातून झाली, ही दुसरी प्रेमातून. शुद्धीवर त्याला कोण आणतं? त्यानं पाळलेला इवलासा केसाळ प्राणी. तो त्याला चाटत राहतो, आपल्या जखमी सोबत्याला चाटावं तसा. एवढ्या विद्वानांच्या विद्यालयातून आलेल्या मुलाला शेवटी एक मुका जीव परत आणतो.

वाटेत त्याला दोनदा आयतं उत्तर देऊ केलं जातं. पेंडॉर बेटावरचा म्हातारा ड्रॅगन म्हणतो, मी तुला त्या सावलीचं नाव सांगतो. बदल्यात ज्यांना ड्रॅगनांपासून वाचवायला गेड आला आहे त्या बेटवासीयांना त्यानं वाऱ्यावर सोडावं, हा अर्थ उघड. गेडचा हात क्षणभर थबकतो. मग तो आपलं काम करतो आणि नाव सोडून देतो. पुढे उत्तरेच्या ऑस्किल बेटावर जमिनीत पुरलेली एक प्राचीन शिळा तेच आमिष दाखवते. तिचं ऐकलं तर तिचं गुलाम व्हावं लागेल. तिलाही तो नाकारतो. अडचणीतल्या पोराला हमखास यशाची पाटी दाखवणारे किती भेटतात, हे मुलांना सांगावं लागलं नाही.

सगळं गमावून तो ससाण्याच्या रूपात उडत ओगिअनच्या दाराशी येतो. दुःखानं आणि संतापानं तो त्या रूपात इतका गुंतलाय की माणूस होणंच विसरत चाललाय. ओगिअन त्याला ओळखतो, परत माणसात आणतो, चुलीपाशी बसवतो, निजू देतो. फार बोलत नाही. पावसात भिजणाऱ्या त्या गुरूची शिकवण आता फळते. गेड जरा सावरल्यावर तो त्याला एवढंच सुचवतो: पळत राहशील तर वाट ती ठरवेल, वळ, आणि तूच तिच्या मागावर जा.

मराठीत हा सारा मामला एका 'पाठी'भोवती फिरतो. जे छळतं ते पाठीला लागतं, पाठ पुरवतं, पाठ सोडत नाही. आपण पळालो की पाठ दाखवतो. ज्याचा आधार असतो तो पाठीशी उभा राहतो, पाठबळ देतो. या सगळ्यातून बाहेर पडायला भाषेनं एकच वाट ठेवली आहे: सामोरं जाणं. इंग्रजीतल्या 'रेझिलियन्स'ला आपण लवचिकता म्हणतो, चिवटपणा म्हणतो, उभारी म्हणतो, आणि कुठलाच शब्द अंगाला नीट बसत नाही. वेत वाकतो आणि सरळ होतो, तसा माणूस होत नाही; गेडच्या गालावरचे व्रण शेवटपर्यंत राहतात. त्याचं जे होतं ते पाठमोऱ्याचं सामोरं होणं. आणि ते होताक्षणी कादंबरीचा वारा फिरतो. आतापर्यंत पाठलाग करणारी सावली आता पळू लागते. ती बळकट होती ती त्याच्या पाठीमुळे.

वळलं म्हणजे जिंकलं, असं मात्र नाही. सावली त्याला भुलवून खडकांवर नेते, होडी फुटते, तो एका उजाड वाळूच्या बेटावर येऊन पडतो. तिथं एक म्हातारा आणि एक म्हातारी, दोघं भाऊबहीण, लहानपणी टाकून दिलेले, माणसांची भाषाही विसरत चाललेले. गेड त्यांच्यासाठी फार काही करू शकत नाही. जाताना तो त्यांचा मचूळ पाण्याचा झरा मंत्रानं गोड करतो. पुढे एका म्हाताऱ्याकडून जुनी होडी घेतो आणि मोबदल्यात त्याच्या डोळ्यांतले मोतीबिंदू घालवतो. होडीचं नाव 'लुकफार', लांबचं पाहणारी. जगाच्या कडेला आपल्या मृत्यूला भेटायला निघालेला हा मुलगा वाटेत झरे गोड करतो आणि डोळे बरे करतो. ही पानं वरवर फाटे फुटल्यासारखी वाटतात. मला ती कादंबरीचा कणा वाटतात. आपलं स्वतःचं निस्तरत नसताना दुसऱ्याचं एक बारीकसं काम नीट करता येतं, आणि तेवढ्यानं हात परत आपले वाटायला लागतात.

शेवटच्या प्रवासात व्हेच हट्टानं सोबत येतो. तो सावलीशी लढायला येत नाही, साक्षीला येतो. नकाशाच्या पूर्वेच्या कडेपलीकडे समुद्राची वाळू होते आणि गेड त्या वाळूवर उतरतो. समोरून येणारी सावली रूपं बदलते: आधी त्याचा कडक बाप, मग जॅस्पर, मग पेचव्हॅरी, मग ऑस्किलच्या वाटेवर ज्याच्या देहात ती शिरली होती तो माणूस. पहिल्या रात्री तिला चेहरा नव्हता. आता ती एकेक करून त्याचीच माणसं होते: ज्यानं माया केली नाही तो, ज्यानं डिवचलं तो, ज्याच्या मुलाला वाचवता आलं नाही तो. शेवटी सगळे मुखवटे गळतात. गेड आणि सावली एकाच क्षणी एकमेकांना नावानं हाक मारतात, आणि दोन्ही तोंडांतून एकच नाव निघतं: गेड.

वाचनालयात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "हे मला आधीच कळायला पाहिजे होतं." बरोबर होतं त्याचं. पहिल्या पानापासून सगळी चिन्हं समोर होती. ड्रॅगन आणि शिळा ज्याची किंमत मागत होते ते उत्तर गेडला ओगिअननं तेराव्या वर्षीच कानात सांगितलं होतं. फरक इतकाच, की तेव्हा ते नाव फक्त त्याच्या शक्तीचं होतं. आता त्यानं जे मोडलं, ज्याला मुकला, ज्याची लाज वाटते, त्या सगळ्याचंही झालं. गेड सावलीला मारत नाही, तिच्याकडून मारलाही जात नाही. तो तिला आपलं म्हणतो.

मग हे सारं एका खऱ्या मुलाच्या खऱ्या गोष्टीतून सांगता आलं नसतं का? आलं असतं, आणि तशी चांगली पुस्तकं आहेतही. पण वास्तववादी कथेला दुखण्याचं नाव सांगावंच लागतं: नापास होणं, आजार, घरातलं भांडण. ज्याचं दुखणं तेच नाही, तो बाहेर राहतो. अद्भुतकथा सावली देते आणि तिचा चेहरा कोरा ठेवते. आमच्या सात-आठ मुलांनी त्या कोऱ्या जागेत काय काय पाहिलं असेल, ते मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं. वर पहिल्या परिच्छेदातलं ते आश्वासन आहेच: हा वाचणार आहे. त्या दोरीला धरून मूल विहिरीत जितकं खोल उतरतं, तितकं दोरी नसताना उतरलं नसतं.

कादंबरीत उणिवा आहेत, आणि मुलांनी त्या सोडल्या नाहीत. "रोकच्या शाळेत मुली का नाहीत?" हा प्रश्न दुसऱ्याच शनिवारी आला. गाँटवर बायकांच्या जादूला हिणवलं जातं आणि कादंबरी त्याला हरकत घेत नाही. मावशी अर्धवट ज्ञानाची, ऑस्किलची सेरेट नावाची बाई घातकी. फक्त व्हेचची चौदा वर्षांची बहीण यॅरो तेवढी मोकळेपणानं हसते-बोलते. पण ले ग्विनबाई २२ वर्षांनी, १९९० साली, 'तेहानू' घेऊन याच जगात परतल्या. तिथं मध्यवर्ती आहे एक प्रौढ बाई आणि भाजलेली एक लहान मुलगी. गेडकडे आता जादू उरलेली नाही. स्वतःच्या पुस्तकात जे अंधारात राहिलं होतं त्याच्याकडे लेखिका वळली आणि त्यालाही तिनं नाव दिलं. दुसरी एक गोष्ट माझी मलाच सापडली. गेडचा रंग तांबूस सावळा आणि व्हेच काळा, असं कादंबरीत स्वच्छ लिहिलंय. बेटांवर धाड घालणारे लुटारू तेवढे गोरे. पहिल्या वाचनात मी मात्र गेडला गोराच पाहत होतो. मुलांना हे सांगितलं तर त्यांतले निम्मे म्हणाले, "आम्हीपण."

आता शेवटचं पान. लेखिका परत पोवाड्याकडे येते. गेडच्या नावानं गायल्या जाणाऱ्या पोवाड्यात त्याच्या पुढच्या मोठ्या पराक्रमांची वर्णनं आहेत, पण या प्रवासाचा, सावलीच्या भेटीचा त्यात उल्लेख नाही. पहिल्या परिच्छेदात जे सहज सांगितल्यासारखं वाटलं होतं, त्याचा अर्थ इथं पुरा होतो. ज्या लढाईमुळे पुढच्या सगळ्या लढाया शक्य झाल्या तिला साक्षीदार एकच, व्हेच.

या कादंबरीची शेवटची बैठक परीक्षांच्या तोंडावर झाली. पुस्तक मिटलं, मुलं चपला शोधू लागली. काविळीत वर्ष गेलेली ती मुलगी दारात थांबून म्हणाली, "पण कुणालाच कळलं नाही, तर मग आपल्याला कसं कळलं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी येताना सुचलं: कुणीतरी एकानं पाहिलं होतं, आणि त्याला ते सांगावंसं वाटलं. पुढच्या शनिवारी तिला सांगायचं ठरवलं होतं. ती आली, तर तिनं बरोबर आपल्या मैत्रिणीला आणलं होतं आणि तिला पहिल्या पानापासून शेळ्यांची गोष्ट सांगत बसली होती. मग मी काही बोललो नाही.